लाइनीत झालेल्या पोट्टीचं नाव

माझं नाव उकंडा. माझ्याआधीची दोन पोरं गेली होती, म्हणून मी जन्मलो तसा माझ्या मायनं मला सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं आणि शेजारणीकडून 'सापडलं बाई एक' म्हणवून परत घरात घेतलं. उकिरड्यावरचं पोर कोण नेतो? यम आला, नाक दाबून निघून गेला. म्हणजे माझ्या आयुष्याची सुरुवातच एका थापेनं झाली, आणि ती मारली माझ्या सख्ख्या मायनं, तीही थेट यमाला. तेव्हा लोक मला थापाड्या म्हणतात याचं मला वाईट वाटत नाही. घराण्याचा धंदा आहे, चालवायला नको?

पण आजची गोष्ट माझ्या नावाची नाही, माझ्या नातीच्या नावाची. कापसाचे ते वाईट हंगाम तुम्हाला आठवत असतील. बियाण्याच्या पुड्यांवर नावं पैलवानांची असायची आणि शेतात पराटी उगवायची ती आजाऱ्यासारखी. भाव असा पडलेला की कापूस विकायला नेताना बैलसुद्धा मान खाली घालून चालत. मारेगावच्या खरेदी केंद्रासमोर बैलबंड्यांची जी लाइन लागायची, तिच्या शेपटीवरच्या माणसाला फाटक दिसत नसे. मी स्वतः पाहिलं आहे, एका गड्याच्या बंडीवरच्या कापसातली सरकी लाइनीतच उगवली, तिला बोंडं धरली आणि ती वेचून त्यानं मागच्या बंडीत टाकली. नाही पटत? जाऊ द्या. पुढचं तरी ऐका.

त्या हंगामात माझी सून नलू हिचे दिवस भरत आले होते. पोरगा मोतीराम राजूरला खाणीवर कामाला. नलूला कळा सुरू झाल्या तेव्हा घरी मी, ती आणि दारात कापसानं भरून ठेवलेली बंडी. गावातली एकमेव जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेली होती. कापूस उतरवत बसलो असतो तर नात ओसरीवरच झाली असती. मी नलूला शेजारणीच्या मदतीनं कापसावरच चढवलं. एवढी मऊ गादी राजाच्या राणीला मिळत नाही. बैल जुंपले आणि मारेगावच्या दवाखान्याचा रस्ता धरला.

वाटेत दोन कळांच्या मधात नलू वरून बोलली, "मामाजी, एक सांगू?"

"सांग व माय."

"पोट्टी झाली तं तिचं नाव मी ठेवीन. कोणाले इचारणार नाही. तुमालेई नाही."

"ठेव की," मी म्हटलं.

एवढ्या सहज कबूल होण्याचं कारण होतं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या पोरगी झाली नव्हती. माझ्या बापाला बहीण नाही, मला नाही, मोतीरामला नाही. आमच्या गोठ्यात गाईसुद्धा गोऱ्हेच देत आल्या. जी गोष्ट होणारच नाही, ती कबूल करायला माणसाचं काय जातं?

तिला मात्र ते हवं होतं, मनापासून. कारण मला ठाऊक होतं. नलू हे नाव आमचं. लग्नात आपल्याकडं ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यावर नवरीचं नवं नाव लिहितो. माहेरी तिचं काही वेगळंच नाव होतं. माझी बायको तेव्हा होती. ती म्हणाली, "असलं नाव घेऊन वावरात हाक मारता येते का? बैल बुजतीन." मग मोतीरामनं तांदळात 'नलू' लिहिलं, आणि पुढं त्या तांदळाचा भात झाला. आधीचं नाव काय होतं ते मीही विसरून गेलो होतो.

तर नाल्याचा उतार उतरलो आणि बैल थांबले. समोर लाइनीची शेपटी. रस्ता अरुंद, एका अंगाला खोल नाली, दुसऱ्या अंगाला बाभळी. सगळ्यांनी बैल सोडून ठेवलेले, बंड्यांची जुवं जमिनीला टेकलेली. दवाखाना लाइनीच्या पार पलीकडं, फाटकाच्याही पुढं. पुढं जायचं तर एकेकानं बैल जुंपून आपली बंडी कडेला घ्यायला हवी, आणि एकदा नंबर सुटला की पुन्हा मिळेल याची खात्री कोणालाच नाही.

शेपटीवर तांड्यावरचा नेमसिंग बसला होता. मी म्हटलं, "नेमसिंगभाऊ, वाट दे. सून अडली हाये."

नेमसिंगनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या भरल्या बंडीकडं. म्हणाला, "काहून उकंडाभाऊ, मागच्या खेपेले नागीण होती, ह्या खेपेले सून का?"

हे मला सांगितलंच पाहिजे. आधीच्या खेपेला माझ्या कापसात नागीण वेटोळं घालून बसली आहे असं मी ओरडलो होतो. लोक असे पांगले की माझी बंडी सरळ वजनकाट्यापर्यंत गेली. तिथं नागीण काही निघाली नाही. उन्हानं वितळली असेल.

"अबे, कापसात बाई हाये!" मी म्हणालो.

"मागं कापसात सापई होता," पुढचा एक जण हसला.

तेवढ्यात नलू अशी ओरडली की नाल्यावरची पाखरं उडाली. नेमसिंग चढून वर डोकावला आणि उतरला तो पांढराफटक होऊन. पण तरी हात चोळत म्हणाला, "भाऊ, नंबर जाईन ना माहा. दोन दिवसापासून बसून राह्यलो."

मग माझ्या जिभेवर घराण्याची विद्या उतरली. मी म्हटलं, "नेमसिंग, तू वाट देशीन आन् पोट्टी होईन, तं तिले तुह्या मायचं नाव ठेवीन. आण घे माही."

नेमसिंग लहानपणीच मायवेगळा झालेला. त्याचे डोळे भरून आले. "बसंती? माह्या याडीचं नाव ठेवशीन तू?" एवढं बोलून त्यानं बैल जुंपले आणि बंडी बाभळीत घातली. काट्यांनी पाठ सोलली तरी बैल हाकत राहिला.

आता मला किल्ली सापडली होती. पुढच्या बंडीवाल्याला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. "पोट्टी झाली तं तुह्या मायचं नाव!" कोणी भांडायला उठला होता तो रडायला लागला. कोणी म्हणाला, "माही माय जित्ती हाये." मी म्हटलं, "मंग आजीचं." बंड्या कडकड वाजत बाजूला होत होत्या, जसं काही लाइनीची शिवण कोणी उसवतो आहे. असा रस्ता मारेगावात कोणत्या मंत्र्यासाठीही झाला नसेल. फाटकाजवळ सदाशिवरावांच्या ओळीनं चार-पाच बंड्या होत्या. मोठा माणूस, मिशीला पीळ. तेही वाकले, पण बजावून म्हणाले, "सुभद्रा. माझ्या आईचं नाव सुभद्रा. ध्यानात ठेवा उकंडा, मी बारशाला येणार आहे."

"या ना मालक. घुगऱ्या खायाले या."

वरून नलूचा आवाज आला, दातांतून, "मामाजी... म्या समदं ऐकून राह्यली."

मी बैलांना हाकललं. पण पोरीला दवाखान्यापर्यंत थांबायचं नव्हतं. फाटकासमोर हाफिजचं पंक्चरचं दुकान होतं, मागं त्याचं घर. त्याची बायको हलीमा ओरडणं ऐकून बाहेर आली. एका नजरेत तिला सगळं कळलं. तिनं बंडीला ताडपत्री लावायला लावली, चुलीवरचं गरम पाणी मागवलं आणि सगळ्या लाइनीला दम दिला, "तोंडं तिकडं करा रे! तमाशा हाये का हा? आन् बैलं धरा, बंडी हालली तं एकेकाची टाळकी फोडीन."

अख्खी लाइन पाठ करून उभी राहिली. बैलांनीसुद्धा माना फिरवल्या. थोड्या वेळानं ताडपत्रीआडून एक आवाज आला, भोंग्यासारखा. हलीमानं डोकं बाहेर काढलं. "उकंडाभाऊ, पोट्टी हाये! कापसापेक्षा उजळ!"

तीन पिढ्यांनंतर! मला काय झालं सांगू? मी आधी नाचलो. इतका नाचलो की काट्यावरचा माणूस काटा सोडून पाहायला आला. आणि नाचता नाचता पाठीमागं पाहिलं, तर अख्खी लाइन माझ्याकडं पाहून हसत होती आणि प्रत्येक जण आपल्या मायचं नाव पुटपुटत होता. तेव्हा माझे पाय थांबले.

पुढचे बारा दिवस नलू माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चहा द्यायची, पण बिनसाखरेचा. मोतीराम राजूरहून आला, लेकीला मांडीवर घेऊन बसला आणि मला म्हणाला, "बाबा, तुमी कोणाकोणाले वचन देलं?"

"मोजलं नाही बाप्पा."

"नलू म्हणते, तिलेई देलं होतं. सगळ्यायच्या आंधी."

"मंग तेच खरं धरू."

"मंग बाकीच्यायले काय सांगसान?"

थाप माणसाला वाट काढून देते, पण त्या वाटेनं लोक मागून येतात. आणि ते आलेच. बारशाच्या दिवशी सकाळपासून आमच्या अंगणात बंड्या लागायला लागल्या. फाटकापुढची लाइन जणू उचलून माझ्या दारात आणून ठेवली होती. कोणी झबलं आणलं, कोणी टोपडं, नेमसिंगनं आरसे लावलेली गोधडी आणली. सदाशिवराव चांदीचे वाळे घेऊन आले आणि सोबत आपली म्हातारी मावशी हंसाबाई. हाफिज आणि हलीमा मोटारसायकलवर आले. नंबर लावायची सवय इतकी पक्की की लोक पाळण्यासमोरसुद्धा ओळीनं उभे राहिले.

पाळण्यात पोरगी, पाळण्याजवळ नलू. गावातल्या बायांनी विचारलं, "नाव कोण ठेवते? आत्या कोठी हाये?"

आत्या कुठून आणणार? आत्यासाठी घरात आधी पोरगी व्हावी लागते. तेवढं ऐकताच ओळीतून गलका झाला.

"बसंती!" नेमसिंग म्हणाला. "मले आण देली हाये."

"सुभद्रा," सदाशिवराव शांतपणे म्हणाले, जणू निकाल सांगतात.

"अन् माह्या मायचं? काट्यात बैल घातले म्या!"

"उकंड्या, बोल बे आता! कोठी गेली तुही जीभ?"

माझी जीभ टाळूला चिकटली होती. साऱ्या जन्मात पहिल्यांदा. तेव्हा नलू उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बारा दिवसांनी बोलली. पण माझ्याशी नाही, सदाशिवरावांशी.

"मालक, तुमच्या आईचं नाव काय?"

"सांगितलं ना, सुभद्रा."

"ते सासरचं. तांदळात लिहेलं. तिच्या मायबापानं काय ठेवलं होतं?"

सदाशिवरावांचा हात मिशीकडं गेला आणि तिथंच थांबला. "ते... ते आता..."

नलूनं पुढच्याकडं पाहिलं. त्यानं त्याच्या पुढच्याकडं. ओळीत असं झालं जसं शाळेत मास्तरनं पाढा विचारला. मोठमोठे गडी, मायच्या नावासाठी बैल काट्यात घालणारे, आणि एकालाही मायचं खरं नाव ठाऊक नाही. नेमसिंग हळूच म्हणाला, "मी तं तिले याडी म्हणो. बसंती होती हे मले लोकायनं सांगतलं. आंधी काय होती, कोण जाणे."

तेवढ्यात हंसाबाई खुर्चीतून खाकरली. "पंचफुला."

"काय म्हणता मावशी?" सदाशिवराव वळले.

"तुह्या मायचं नाव. पंचफुला होती ते. आमी पंची म्हणो. सुभद्रा तुह्या आजीनं केलं तिले." म्हातारी बोलता बोलता हसायला लागली, दात नव्हते तरी. "आन् मी हंसा नाही बरं. मी वच्छला. लगन झाल्यावर आज पयल्यांदा सांगून राह्यली. कोणी इचारलंच नाही ना बाप्पा!"

सदाशिवरावांनी 'पंचफुला' दोनदा ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण चेहरा असा झाला जसा जत्रेत हरवलेल्या पोराला माय सापडल्यावर होतो.

मग हलीमा मागून म्हणाली, "आमच्यात असं नाही करत. माह्या बापानं हलीमा ठेवलं. ह्यायच्या घरी आली तरी हलीमाच. मरन तवाई हलीमाच राहीन."

नलूनं तिच्याकडं पाहिलं. "मंग तूच हो आत्या."

हलीमा चपापली. "मी? तुमच्याइकडं चालते का असं?"

दोन-चार म्हाताऱ्या कुजबुजल्या. मला कळलं, आता माझी पाळी. मी पुढं झालो आणि असा आवाज काढला की शेवटच्या बंडीपर्यंत पोचावा. "आयका! माह्या घराण्यात तीन पिढ्या पोरगी झाली नाही, म्हणून आत्या नाही. जिनं माह्या नातीले पयल्यांदा हातात घेतलं, तेच तिची आत्या. ज्याले पटत नाही त्यानं घुगऱ्या खाऊन जावं. खाल्ल्याबिगर जाऊ नये, गूळ बी हाये त्याच्यात."

"बराबर हाये," हंसाबाई म्हणाली. म्हणजे वच्छलाबाई. तिच्यापुढं कोण बोलणार?

नलूनं हलीमाच्या कानात काही सांगितलं. हलीमाचे डोळे मोठे झाले. ती पाळण्यात वाकली, पोरीच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. आणि रीत आहे तसे चार बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

"अरे मारते कायकू?" हलीमा किंचाळली. "तुमनेच बोले ना नाम रख्खो!"

अख्खं अंगण हसलं. हाफिज तर पाळण्याचा दांडा धरून बसला. रीत समजावून सांगितल्यावर हलीमा पाठ चोळत म्हणाली, "पयले सांगायचं ना बाई. मंग मी जाड सदरा घालून आली असती."

"नाव सांग ना व आता!"

हलीमा सरळ झाली. "उर्वशी."

ओळीत पुन्हा कुजबुज. सदाशिवरावांनी कपाळाला आठी घातली. "हे कोणाच्या आईचं नाव?"

नलूनं पोरीला पाळण्यातून उचललं. "हिच्या," ती म्हणाली. "हिच्या मायचं. माह्या बाबानं ठेवलं होतं. तांदळात गेलं तवापासून तसंच पडून होतं, घडी न मोडल्यासारखं. नवंच्या नवं हाये. म्या हिले देलं." मग माझ्याकडं वळली. "मामाजीनं कबूल केलं होतं, पोट्टीले मायचं नाव ठेवीन म्हणून. त्यायची एक तरी गोष्ट खरी झाली पायजे."

काय सांगू तुम्हाला! एवढ्या बंड्यांना दिलेलं वचन माझ्या सुनेनं एका दमात पाळून दाखवलं. मी साऱ्या जन्मात इतकी सफाईदार वाट कधी काढली नव्हती. मोतीरामकडं पाहिलं, तो खाली मान घालून हसत होता. तांदळात अंगठी फिरवणारा तोच होता ना.

सदाशिवराव पुढं आले, वाळे पोरीच्या पायात घातले आणि म्हणाले, "उकंडा, सून चांगली आणली तुम्ही." मग मावशीजवळ जाऊन बसले आणि 'आई लहानपणी कशी होती' ते विचारू लागले. नेमसिंग आपली आरशांची गोधडी पाळण्यात अंथरून गेला. जाताना म्हणाला, "तांड्यावर एक लय म्हातारी हाये. तिले इचारतो, याडीचं आंधीचं नाव. सापडलं तं सांगाले येईन." आठ दिवसांनी तो खरोखर आला. काय नाव ते त्यानं मलाच सांगितलं, म्हणून ते मी इथं सांगत नाही. त्याची वस्तू आहे.

त्या हंगामात आमच्या पंचक्रोशीत कापसाचं काही खरं झालं नाही. पण तुम्ही आमच्या गावात विचारा, कोणत्या घरातली सून कोणत्या नावानं आली. दारातला पोरगाही सांगेल. नव्या सुनांच्या ताटात तांदूळ अजून पसरतात, रीत ती रीत. पण अंगठीनं लिहितात तेच नाव, जे ती घेऊन आली. हे सुरू झालं माझ्या नातीपासून, लाइनीत कापसावर जन्मलेल्या पोरीपासून. यात एक अक्षर थापेचं नाही. उर्वशी आता मोठी झाली, यवतमाळला शिकते. बसमधून मारेगावला उतरली की घरी यायच्या आधी हलीमा आत्याकडं चहा पिते, आणि हलीमा अजून तिला पाठ दाखवते, "इथं मारलं होतं तुह्यासाठी."

पण मला खरं सांगायचं आहे ते बारशाच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. नातीचं नवं नाव जिभेवर बसवून पाहावं म्हणून मोठ्यांदा हाक मारली, "उर्वशी!"

आतून पोरगी रडली. आणि तिच्याबरोबरच दुसरा आवाज आला, "ओ!"

सून दारात आली, दोन्ही हात पिठाचे. मग तिला कळलं, आपण ओ दिली. ती तिथंच थांबली. मी कोण होतो तिचं नाव विसरणारा, आणि बघा, तिचा कान विसरला नव्हता.

"मले का तिले?" तिनं विचारलं.

"दोघीयलेई," मी म्हटलं.

ती आत गेली आणि चहा ठेवला. त्यात साखर होती की नाही ते विचारू नका. मी सांगितलं तरी तुम्ही निम्मीच धराल.